सकाळचे हात

९ जानेवारी

ताई,

“सकाळी दुखतं आणि दुपारी थांबतं, असलं दुखणं फक्त कामचुकारांना होतं.”

हे तुझं वाक्य. अठरा वर्षांपूर्वीचं. बोललीस तेव्हा तुझ्या हातात खळीचा ब्रश होता आणि तू माझ्याकडे बघतही नव्हतीस. रागावलेलीही नव्हतीस. खळ पातळ झालीय, हे सांगावं तसं सांगितलंस आणि पुढच्या पुठ्ठ्याकडे वळलीस. तुला आता आठवणारही नाही. बोलणारी बोलून मोकळी होते. ऐकणारीच्या उशाशी मात्र ते बसून राहतं.

मायना काय लिहावा यातच माझी दोन पानं फुकट गेली. ‘तीर्थरूप’ लिहिलं तर म्हणशील टोमणा मारतेय, ‘प्रिय’ लिहिलं तर म्हणशील आता काय काम काढलं. काम काढलंय, हे खरंच. माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस, म्हणून पत्र. अक्षर बघून दचकू नकोस. पेनला कापडाची पट्टी गुंडाळून जाड केलंय, तरी ओळ चढावर जाते.

तर काम. बिट्टी मला भेटली.

तिच्यावर चिडू नकोस, ती मला शोधत आलेली नव्हती. मी ज्या छापखान्यात मुद्रितं तपासते, तिथे ती मागच्या मंगळवारी छापलेल्या पानांचे फर्मे न्यायला आली होती. आमच्याकडचं पुस्तकबांधणीचं काम तुमच्या कारखान्याकडे जायला लागलंय हे मलाही ठाऊक नव्हतं. मी जिन्यावर होते, ती खालून वर येत होती. दोघी थांबलो. “तुम्ही... मावशी ना?” म्हणाली. तुम्ही! आईच्या दिवसकार्याला दहा वर्षांची होती, माझ्या मांडीवर झोपली होती. मी म्हटलं, “मावशीला कुणी तुम्ही म्हणतं का गं?” तर हसली. हसताना अगदी तू. दात दिसू नयेत म्हणून वरचा ओठ ओढून घेण्याची तीच खोड.

मी चहा मागवला. सकाळचे साडेनऊ झाले असतील. तिने कप दोन्ही तळव्यांत धरला, कडाक्याच्या थंडीत धरतात तसा. थंडी नव्हती, पंखा चालू होता. मग पोचपावतीवर सही करायची वेळ आली तेव्हा पेन बोटांत धरायच्या ऐवजी मुठीत धरलं. मी तिचे हात बघितले. मूठ वळली की बोटांच्या मुळाशी उंचवटे दिसतात ना, आणि मधे मधे खळगे? तिचे खळगे भरून आलेत, ताई. दोन्ही हातांना. सारखेच.

“काय झालं गं हातांना?”

“काही नाही गं मावशी. काम जास्त आहे. आई म्हणते आजीसारखं होतंय.”

हे ‘आजीसारखं’ ऐकलं आणि मी त्या दिवशीची मुद्रितं दोनदा वाचली, तरी तीन चुका राहिल्या.

तिला सांध्यांच्या डॉक्टरांकडे ने. कोपऱ्यावरच्या आपल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नको, ते भले आहेत पण ते अजून कानात बोळा घालून वारा अडवणारे. संधिवाताच्या तज्ज्ञ असतात, त्यांच्याकडे. आणि लवकर. पुढच्या हंगामाचं काम संपल्यावर नको.

बास, एवढंच लिहायचं होतं. बोटं दमली.

तुझी धाकटी

•

२२ जानेवारी

ताई,

उत्तर आलं. पुठ्ठ्याच्या कातरणावर लिहिलंयस: “पोरीला काही झालेलं नाही. आईला होतं तेच आहे, कष्टाच्या घरात होतंच. तुझी थेरं तिला शिकवू नकोस.”

बारा वर्षांत तीन वाक्यं. पण कातरणाची कड काय सरळ कापलीयस! तुझ्या हातून वेडंवाकडं काही जातच नाही. मी ते फेकलं नाही, पुस्तकात खूण म्हणून ठेवलंय. रागावू नकोस, चांगल्या पुस्तकात ठेवलंय.

“आईला होतं तेच.” ताई, नेमकं तेच नाही.

आईला काय होतं ते आठव. पन्नाशीनंतर तिचे गुडघे बोलायला लागले. ती म्हणायची, “माझे गुडघे म्हणजे दोन जावा आहेत गं. एकीला बरं वाटलं की दुसरीचं पोट दुखतं.” एक आधी दुखला, दुसरा वर्षभराने. बोटांच्या टोकाच्या सांध्यांवर, नखांच्या खाली, गाठी आल्या. टणक, लिंबाच्या बीसारख्या. बिट्टी लहान असताना तू तिला त्या मोजायला लावायचीस. सकाळी उठली की आई जरा कण्हायची, भिंतीला धरून संडासापर्यंत जायची, आणि चूल पेटेपर्यंत मोकळी झालेली असायची. पंधरा मिनिटं, फार तर वीस. मग दिवसभर ठीक. संध्याकाळी, दिवसाचे दोनशे फर्मे शिवून झाल्यावर, तिचे हात खरे दुखायचे. रविवारी विश्रांती मिळाली की बरं वाटायचं. काम केलं की दुखतं, बसलं की थांबतं. हे सगळ्या जगाला कळणारं दुखणं. त्याला इज्जत आहे. बघणारा म्हणतो, बाईने हाडं झिजवली संसारासाठी.

माझं उलटं होतं. मी झोपून उठायचे तीच लाकडाची बाहुली होऊन. बोटं वळायची नाहीत, मनगटं गरम लागायची. जिना उतरताना तू खालून ओरडायचीस, “उठल्या का राणीसरकार?” दहा वाजेपर्यंत मी ब्लाउजचे हूक लावू शकत नव्हते म्हणून ओढणी घेऊन बसायचे, उकडत असलं तरी. आणि काम करत राहिलं की हात सुटायचे. दुपारी तर मी तुझ्यापेक्षा झपाझप शिवायचे. म्हणजे विश्रांतीने वाईट आणि कामाने बरं. असलं दुखणं कुणाला खरं वाटेल? मलाही वाटत नव्हतं. मी स्वतःला विचारायचे, खरंच आळशी आहे का मी?

त्यात तो थकवा. तो कुणाला दाखवणार? अंगात बारीक कणकण आणि दुपारी तीनला वाटायचं की फर्म्यांच्या ढिगावर डोकं ठेवावं आणि कुणी उठवूच नये. वजन उतरलं. तू म्हणालीस, “लग्नाचं वय निघून चाललं म्हणून झुरतेय.” आई म्हणाली, “गप गं.” आई नेहमी एवढंच म्हणायची.

आई गेली त्याच वर्षी मला कळलं. सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे मला छापखान्यातल्या कंपॉझिटरने पाठवलं, त्याच्या बायकोला तेच होतं. बाईंनी पहिला प्रश्न काय विचारला माहितेय? “सकाळी उठल्यापासून किती वेळाने तुम्हाला केस विंचरता येतात?” मी म्हटलं, “दोन तास.” त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मला रडूच फुटलं. सहा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, आणि विचारणारीने हसायचं सोडून लिहून घेतलं होतं.

मी त्यांना म्हटलं, माझ्या आईलाही होतं. त्यांनी आईचं सगळं विचारलं, आणि मग म्हणाल्या, नावात दोन्हीकडे संधिवात असला तरी दोघींचं घर वेगळं. आईचं झिजेचं. सांध्यातली मऊ गादी वापरून वापरून विरते. माझ्यात माझं स्वतःचंच शरीर सांध्याच्या अस्तराला परकं समजून त्याच्यावर चालून जातं. मी आपल्या धंद्यातलं उदाहरण दिलं: म्हणजे आईचं पुस्तक हाताळून हाताळून कडेला फाटलं, आणि माझ्या कोऱ्या पुस्तकाला आतून कसर लागली, असंच ना? त्या म्हणाल्या, “जवळपास. पण कसर बाहेरून येते. इथे कागदच कागदाला खातो.” बाईंनी पुस्तकाची उपमा माझ्यापेक्षा बरी सांभाळली.

आणि एक सांगितलं. झिजेला वेळ असतो, ती हळू चालते. याला नसतो. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर पुष्कळ वाचतं. मी सहा वर्षं उशिरा गेले होते. माझी बोटं आता करंगळीच्या बाजूला कलली आहेत, वाऱ्याने एकाच बाजूला झुकलेल्या गवतासारखी. ती परत सरळ होणार नाहीत. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे, तपासण्या आहेत, आणि आग आटोक्यात आहे. तक्रार नाही. नुसतं सांगतेय.

मी डॉक्टर नाही. मी चुकत असेन. चुकले तर जन्मभर हस मला. पण बिट्टीला विचार, सकाळी हात सुटायला किती वेळ लागतो. पंधरा मिनिटं म्हणाली, तर हे पत्र चुलीत घाल.

तुझी धाकटी

•

३ फेब्रुवारी

ताई,

बिट्टी परवा आली होती, फर्मे न्यायला. तू तिला डॉक्टरांकडे नेलंस म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की मी टेबलावरच बसले. मग कळलं की कोपऱ्यावरच्यांकडेच नेलंस. त्यांनी हातांचा एक्स-रे काढला, “हाडं सोन्यासारखी आहेत” म्हणाले. रक्त तपासलं, वाताचा दोष काही निघाला नाही. दुखण्यावरची गोळी दिली, मलम दिलं, आणि म्हणाले, कामाचा ताण, आजीवर गेलीय. तू फी देऊन म्हणालीस म्हणे, “झालं मावशीचं समाधान?”

नाही झालं. सुरुवातीला एक्स-रे साफच असतो, गं. हाड कुरतडायला वेळ लागतो. आणि माझ्या बाई सांगतात, कितीतरी जणांच्या रक्तात तो दोष पहिल्यांदा दिसत नाही, काहींच्या कधीच नाही. रोगी समोर बसलेला असतो, त्याच्याकडे बघावं लागतं. बिट्टीच्या मुठीवर नुसतं बोट दाबलं तरी ती सूज मऊ लागते, स्पंजासारखी. आईच्या गाठी दगडासारख्या होत्या. तू दाबून बघ.

तू म्हणशील, हिला एवढा पुळका का, बारा वर्षं कुठे होती? बरोबर आहे. म्हणून आज ते लिहिते, जे मी लिहिणार नव्हते. तीन दिवस पेन घेऊन बसतेय.

ग्रंथालयाच्या जाड कोशांचं काम आठवतं? एका प्रतीला चाळीस फर्मे, सगळी जुजबंदी, फर्म्याला फर्मा शिवत, एकूण एक टाका हाताने. आपण तिघी ओळीने बसायचो. खिडकीशी आई, मग तू, मग मी. जिने शिवलं तिने आपल्या रंगाची चिठ्ठी प्रतीत ठेवायची. आईची पांढरी, तुझी पिवळी, माझी निळी. नियम तुझाच. म्हणायचीस, चूक कुणाची हे भांडल्याशिवाय कळायला हवं.

सकाळी आठ ते दहा मला दोरा ओढून धरता येत नव्हता. दोरा ताणला नाही की फर्मा ढिला बसतो. वरून दिसत नाही, पाठीला कापड चिकटलं की मुळीच नाही. वीसदा पुस्तक उघडलं की पानं हातात येतात. माझ्या सकाळच्या प्रती मला माहीत होत्या. अकरा होत्या. उसवून पुन्हा शिवल्या असत्या तर तू ‘का?’ विचारलं असतंस आणि मला परत तेच वाक्य ऐकावं लागलं असतं. मी त्या अकरा प्रतींमधल्या निळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि पांढऱ्या घातल्या.

पिवळ्या घातल्या असत्या तर तू जागच्या जागी ओळखलं असतंस. आणि आईची बोटं वाकडी होतीच. कुणालाही पटलं असतं.

दोन महिन्यांनी अकरा कोश परत आले. तू चिठ्ठ्या बघितल्यास. मग आईकडे बघितलंस. आईने एक प्रत उचलली, मधोमध उघडली आणि शेवटची गाठ बघितली. आई गाठ घडीच्या पोटात मारायची, मी पाठीला मारायचे. ती गाठ पाठीला होती. आईने त्या गाठीवर अंगठा ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, मनगटाकडे. आणि म्हणाली, “माझ्याच आहेत गं. डोळे गेले आता.”

तू म्हणालीस, “डोळे नाही आई, बोटं गेली.” आणि तिच्या हातातून सुई काढून घेतलीस. किती मायेने काढून घेतलीस, ते मी बघत होते. “खूप झिजवलेस हात. आता बस.”

ती बसली. चार वर्षं. खिडकीशीच, त्याच स्टुलावर, हात मांडीवर ठेवून. आपण शिवत असताना तिची बोटं आपोआप हलायची, तू बघितलं होतंस? मी बघायचे. मग बसून बसून गुडघे आखडले, मग जिना बंद झाला. माझ्या बाईंना मी एकदा विचारलं, झिजेच्या माणसाने हात चालते ठेवावेत की नाही? म्हणाल्या, सोसेल तेवढे ठेवावेत, हलता सांधा बरा. म्हणजे जिचे हात वाकडे दिसत होते, तिला दोरा अजून कितीतरी वर्षं ताणता आला असता. आणि जिचे दिसायला सरळ होते, तिचे आतून जळत होते. आपण तिघी एका ओळीत बसून उलटं समजत राहिलो. त्यातल्या एकीला, मला, निम्मं खरं माहीत होतं.

आईची सुई गेल्यावर सहा महिन्यांनी मी घर सोडलं ते छापखान्यातल्या बसून करायच्या नोकरीच्या लोभाने सोडलं, असं तू सगळ्यांना सांगितलंस. मी तसं सांगू दिलं. त्या रिकाम्या हातांसमोर बसून मला शिवता येईना.

आणखी एक आहे, ते जास्त वाईट आहे. बारा वर्षांपूर्वी मला माझ्या दुखण्याचं नाव कळलं तेव्हा मी तुला लिहिलं नाही. का, ते मला ठाऊक आहे. तू चुकली होतीस, आणि तुझं ते चुकणं मला जपून ठेवायचं होतं. भावोजी गेले, तू एकटीने कारखाना ओढलास, मी अंत्ययात्रेला मागच्या रांगेत येऊन उभी राहून परत गेले, तेव्हाही बोलले नाही. वाटायचं, आपल्याकडे एक नाणं आहे, वटवायची घाई काय. मी तेव्हा सांगितलं असतं तर आज तुझ्या घरात हे नाव कानावरून गेलेलं असतं. बिट्टीचे हात पहिल्यांदा आखडले त्या सकाळी तू ‘आजीसारखं’ म्हणाली नसतीस. ‘मावशीसारखं’ म्हणाली असतीस.

शिव्या द्यायच्या असतील तर दे. मोठा पुठ्ठा घे.

तुझी धाकटी

•

११ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं. आठ दिवस मी टपालाच्या वेळेला दाराशी जायचं टाळलं, एवढंच.

बिट्टीशी फोनवर बोलले. तू तिला काही सांगितलं नाहीस, पण तीन दिवस आईच्या स्टुलावर कुणाला बसू देत नव्हतीस, असं म्हणाली. मी तिला म्हटलं, तुझ्या आईला त्रास देऊ नकोस. ती म्हणाली, “मी कुठे देते? तीच मला लाडावतेय हल्ली.”

“म्हणजे?”

“सकाळी माझी वेणी घालते. मी मागितलं नव्हतं, आपणच फणी घेऊन आली. सुया पण ओवून ठेवते, वीसच्या वीस. आणि मावशी, गंमत म्हणजे आमच्या घरातल्या एकाही बाटलीचं झाकण हल्ली घट्ट नसतं. परवा तेल सांडलं तर मलाच ओरडली.”

मी फोन ठेवला आणि बोटांवर महिने मोजले. केव्हापासून, विचारलं होतं तिला. नोव्हेंबरपासून म्हणाली.

म्हणजे माझ्या पहिल्या पत्राच्या दोन महिने आधीपासून तुला माहीत आहे. पोरीला सकाळी वेणी घालता येत नाही, सुईत दोरा जात नाही, झाकण फिरत नाही, हे तू माझ्याआधी बघितलंस, आणि एक अक्षर न बोलता एकेक काम तिच्या हातातून काढून घेतलंस. मी तुला पटवायला तीन पत्रं लिहिली. आता वाचते तर लाज वाटते. आंधळ्याला दिवा दाखवावा तसं तुला समजावत होते, आणि तू तर माझ्याही आधी जागी होतीस.

तुझ्यावर रागावायला मी पत्रं लिहायला घेतली होती, हे कबूल करते. तो राग आता सापडत नाही. दमलेय, ताई. या दुखण्यात माणूस रागवायलासुद्धा लवकर दमतो. आणि तूही दमली असशील. वीस सुया ओवायच्या, साठीच्या डोळ्यांनी.

मी वेळ घेतलीय, माझ्या बाईंकडे. येत्या गुरुवारी सकाळी सव्वानऊ. सकाळचीच मागून घेतली. बिट्टी हो म्हणाली, एकटी जाईन म्हणाली. पण ती काय करणार ते तिनेच मला हसत हसत सांगितलं. त्या दिवशी पाचला उठणार, गरम पाण्यात हात बुडवून बसणार, बोटं मोकळी करून घेणार, आणि तिथे जाऊन सांगणार, “थोडंसं दुखतं, काम केलं की.” मी विचारलं, का गं असं? तर म्हणाली, “आजारी निघाले तर आई मला खिडकीजवळच्या जागेवरून उठवेल ना. मला शिवायला आवडतं, मावशी.”

मुलगी तुझी आहे, पण लपवण्यात माझी भाची शोभते.

तिला कळायला हवं की हात वाचवायचे ते शिवता यावं म्हणूनच. हे माझ्या तोंडून तिला खरं वाटत नाही. माझे हात बघते आणि विषय बदलते. तुझ्या तोंडून ऐकायला हवं. आणि बाई जेव्हा विचारतील, सकाळी किती वेळ लागतो, तेव्हा ती दहा मिनिटं म्हणेल. खरं किती ते या जगात तुला एकटीला माहीत आहे. तू तिच्या शेजारच्या खाटेवर झोपतेस. पहिली हालचाल, पहिलं कण्हणं तुझ्या कानावर पडतं.

म्हणून हे मागणं आहे. तू नाहीच म्हणशील. गुरुवार कामाचा दिवस, कारखाना बंद ठेवायला तुझं मन धजणार नाही. परक्या बाईसमोर बसून आपल्याच घरातलं बोलायचं, तेही मी सुचवलेल्या ठिकाणी, हे तुझ्या हाडात नाही. मी तिथे नको असेन तर नसेन. दवाखान्याच्या गल्लीतही फिरकणार नाही, शब्द देते. तरी तू येणार नाहीस. आलीस तरी पोरीला मी पुढे सांगते तशी घेऊन निघणार नाहीस, लोक काय म्हणतील म्हणून दारातून परत फिरवशील. सगळं माहीत असून मागते.

गुरुवारी तिच्याबरोबर जा. पाचचं गरम पाणी ओतून दे. आणि त्या एका सकाळी तिची वेणी घालू नकोस. केस जसे असतील तसे राहू देत, ब्लाउजचे हूक उघडे राहिले तर वरून शाल दे. बाई विचारतील, रोज केस कोण विंचरतं, तेव्हा ती खाली बघेल. तू सांग.

तुझी धाकटी